आमची वाटचाल : तेलापासून खडकाकडे

खनिज तेल कोणत्या खडकात तयार झाले ते शोधणारी आमची प्रयोगशाळा एका गॅस क्रोमॅटोग्राफवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) सुरू झाली. तेलाचा नमुना यायचा, आलेख निघायचा आणि अहवालात तेलातल्या प्रिस्टेन आणि फायटेन या दोन संयुगांचे गुणोत्तर जायचे. ३ च्या वर असेल तर ऑक्सिजन मिळालेला, जमिनीवरच्या वनस्पतींचा गाळ. १ च्या खाली असेल तर ऑक्सिजन नसलेला तळ. मधल्या पट्ट्यात मात्र हा आकडा फारसे बोलत नाही, शिवाय परिपक्वतेनुसार, म्हणजे जमिनीखालच्या उष्णतेत खडक किती शिजला त्यानुसार, सरकतो. नुसत्या तेलावरून थराचे नाव सांगता येत नाही, म्हणून पुढची गुंतवणूक आम्ही स्रोत खडकाच्या, म्हणजे तेल जिथे तयार होते त्या खडकाच्या, कामात केली.

खडकात पहिला प्रश्न स्वच्छतेचा. कटिंग्जमध्ये, म्हणजे खोदताना वर येणाऱ्या खडकाच्या तुकड्यांत, विहिरीच्या वरच्या भागातून ढासळलेले तुकडे असतात आणि ड्रिलिंग मडमधले (खोदताना विहिरीत फिरवलेल्या द्रवातले) डिझेल मुरलेले असते. धुऊन, चाळून, भिंगाखाली दाणे निवडल्याशिवाय दळायला घेत नाही. मग रॉक-इव्हल, म्हणजे भुकटी तापवून सुटणारे हायड्रोकार्बन मोजण्याची चाचणी; तिला १०० मिलिग्रॅमपर्यंत भुकटी पुरते. एस-१ (खडकात आधीपासून मोकळे असलेले हायड्रोकार्बन) भरपूर, सेंद्रिय कार्बन जेमतेम आणि टीमॅक्स (तापवताना खडकातून सर्वाधिक नवे हायड्रोकार्बन तयार होतात ते तापमान) संशयास्पद कमी दिसला, तर ते हायड्रोकार्बन त्या खडकाचे नाही; बाहेरून आले आहे. टीमॅक्स ४३५ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर खडक साधारणपणे कच्चाच.

निवडलेल्या भुकटीचा अर्क सॉक्सलेटमध्ये (द्रावक पुन्हा पुन्हा फिरवणाऱ्या काचेच्या उपकरणात) काढतो : डायक्लोरोमिथेन ९३ भाग, मिथेनॉल ७ भाग, किमान २४ तास. फ्लास्कमध्ये ताजे घासलेले तांबे टाकायचेच, नाहीतर मूलद्रव्यी गंधक पुढे आलेखावर मोठा उंचवटा करते. प्रत्येक खेपेसोबत एक कोरी, नमुना न घातलेली खेपही चालवतो. मास स्पेक्ट्रोमीटरवर (रेणूंचे तुकडे वस्तुमानानुसार मोजणाऱ्या यंत्रावर) वस्तुमान १४९ ला शिखर उठले की कुठेतरी प्लास्टिक लागले आहे. द्रावक उडवताना १५ कार्बनांखालचे घटक जातात. म्हणून तुलनेच्या तेलातूनही तो हलका भाग आधी काढून टाकावा लागतो. हे राहून गेले, तर एकाच कुळातले तेल आणि अर्क परके वाटतात.

मास स्पेक्ट्रोमीटर आल्यावर बायोमार्कर, म्हणजे मूळ जीवांची खूण टिकवणारे रेणू, दिसू लागले : वस्तुमान १९१ वर होपेन, २१७ वर स्टेरेन. ओलिएनेन हा बायोमार्कर ठळक असेल तर स्रोतात सपुष्प वनस्पतींचा वाटा आहे, म्हणजे खडक बहुधा उत्तर क्रिटेशस (डायनोसॉरांच्या युगाचा शेवटचा काळ) किंवा त्यानंतरचा. ते नसेल, तर मात्र वयाबद्दल काहीच सिद्ध होत नाही. गॅमासेरेन हा बायोमार्कर जास्त असेल तर गाळ साचतानाचे पाणी थर पडलेले, बरेचदा खारे.

तेल आणि खडक जुळण्यापेक्षा न जुळण्यावर आमचा जास्त भरवसा आहे. एकाच प्रकारच्या गाळातले दोन वेगळे थर जवळपास सारखा ठसा देऊ शकतात. पण परिपक्वतेचा हिशेब धरूनही कार्बन समस्थानिकांत (कार्बनच्या जड-हलक्या अणूंच्या प्रमाणात) दर हजारी ३ हून जास्त फरक उरला आणि स्टेरेनचे वाटपही वेगळे निघाले, तर तो खडक यादीतून जातो.

हिशेब चुकतो तो बहुतेक परिपक्वतेतच. उथळ विहिरीतला कच्चा खडक आणि खोलवर शिजलेले तेल समोरासमोर ठेवले, तर परिपक्वतेबरोबर वाढणारे स्टेरेनचे २०एस गुणोत्तर जुळणारच नाही. तेलात ते ०.५५ च्या आसपास स्थिरावलेले असते. अशा वेळी खडक पाण्यासह बंद भांड्यात ३३० अंशांवर ७२ तास तापवतो आणि सुटलेल्या तेलाशी तुलना करतो. जिवाणूंनी खाल्लेल्या तेलात नॉर्मल अल्केन सर्वांत आधी जातात. तरी होपेन-स्टेरेनवर काम निभते. वस्तुमान १७७ वर २५-नॉरहोपेन (जिवाणूंनी होपेनही खाल्ल्याची खूण) दिसू लागले की होपेन-स्टेरेनही संशयाचे. मग अस्फाल्टीन (तेलातले सर्वांत जड घटक) वेगळे करून त्यांचे तापविघटन करतो, कारण त्यांच्यात अडकलेला ठसा बराच टिकतो. स्थलांतराच्या वाटेत कोळशाचा थर लागला असेल, तर तेल त्यातले बायोमार्करही उचलते. हा दोष तेलाच्या आलेखावरून उघड होत नाही. वाटेतल्या थरांचे नमुने मागावेच लागतात.

सध्या तयारी चालू आहे ती कंडेन्सेटची, म्हणजे विहिरीतल्या वायूतून निघणाऱ्या हलक्या द्रवाची. त्यात बायोमार्कर जवळजवळ नसतात. तिथे डायमंडॉइड (हिऱ्यासारख्या रचनेचे टिकाऊ रेणू) आणि एकेका संयुगाचे कार्बन समस्थानिक मोजावे लागतात, आणि त्यासाठी नमुना विहिरीवरच दाबासह सीलबंद होऊन यायला हवा.