१३६५ ची दांडी दिसली, चोर वावरातच होता

दिसली! परवा रात्री दहाच्या सुमारास, १२० पटीवर, एनजीसी १३६५ या दीर्घिकेची दांडी पट्टीने आखल्यासारखी आडवी दिसली.

माझी रड अशी. ८ इंची एफ/६ डॉब, म्हणजे डॉब्सोनियन दुर्बीण. अश्मंत तारकासमूहातलं 'काय' (χ) ताऱ्यांचं त्रिकूट लगेच सापडतं, तिथून पूर्वेला सव्वा अंश सरकलं की धुरकट ठिपका येतो आणि अर्ध्या तासात विझतो. यवतमाळकडून पाहिलं तर दीर्घिका मध्यावर आली तरी जेमतेम ३३ अंश वर, म्हणून मी जिनिंगच्या धुळीला शिव्या घातल्या. मग कोलिमेशनला, म्हणजे आरसे एका रेषेत आणण्याला. चारदा केलं. सेकंडरीचा, म्हणजे नळीतल्या छोट्या आरशाचा, होल्डर ज्याने पाठवला त्याचे स्क्रू प्लास्टिकचे, त्यामुळे संशय घ्यायला जागाही होती.

छडा लावला शेजारच्या काकांनी. मी जागलीवर नळीत डोकं घालून बसलेला, ते धुऱ्यावरून म्हणाले, "काय पाहून राह्यला बाप्पा? तुह्या दुर्बिनीवर तं पानी साचलं!" टॉर्चचा लाल कागद सरकवून पाहिलं. सेकंडरीवर दवाचा पांढरा थर. आमच्या फीडरला लाईन एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीची लाईन आली की दक्षिणेच्या वावरात गव्हावर तुषार सुरू, आणि थंड हवेत ती ओल थेट माझ्या नळीत. वही काढली तर विझलेल्या सगळ्या रात्री रात्रपाळीच्या. दिवसाच्या आठवड्यांत एकदा ढग, एकदा चंद्र, म्हणून ताळा कधी लागलाच नाही.

हेअर ड्रायर वावरात कुठून आणणार, आणि तयार हीटरपट्ट्यांचे भाव म्हणजे लूट. नागपूरच्या सीताबर्डीहून रेझिस्टर आणले, २२० ओहमचे सहा, समांतर जोडून सेकंडरीच्या पाठीला चिकटवले. फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी लावली. जवळपास ४ वॅट झाले, दव गेलं, पण नळीतल्या गरम हवेने तारे उकळायला लागले! ४७० चे सहा लावल्यावर १.८ वॅट. आता तारे टाचणीच्या टोकासारखे.

गाभा आधी दिसतो, जवळजवळ ताऱ्यासारखा. तिरक्या नजरेने त्याच्या दोन्ही बाजूंना दांडी उगवते. ती पूर्व-पश्चिम असल्यामुळे डॉब ढकलला नाही तर स्वतःच्याच लांबीवरून सरकत जाते. हे पाहायला मी पाचसहा वेळा हात आखडून बसलो. या दांडीतूनच वायू गाभ्याकडे ओढला जातो, तिथे तारे जन्मतात आणि कृष्णविवराला खाऊ मिळतो. सुमारे ६ कोटी प्रकाशवर्षांवरचा हा कारभार. दांडीच्या टोकाचा एक सर्पिल हात वळताना दिसला, दुसऱ्याबद्दल शपथ घेणार नाही. २०१२ च्या ऑक्टोबरात इथेच एसएन २०१२एफआर हा अतिनवतारा फुटला, तेजाच्या १२ व्या प्रतीपर्यंत चढला. तेव्हा माझ्याकडे नुसती बायनॉक्युलर. असो.

पुढे दव अडवायला काळ्या फोमची नळी करून दुर्बिणीच्या तोंडाला लावणार होतो. पण लिहिता लिहिता सुचतंय, डॉब बंडीत घालून बरडावरच, म्हणजे वरच्या माळावर, का नेऊ नये? तिथे ओलित नाही, थंड हवाही तिथून खाली उतरते. मग फोम राहू दे. एनजीसी १३०० ही दुसरी दांडीवाली दीर्घिका तिथूनच करतो, ती तर आणखी फिकी.

पुढच्या आठवड्यात लाईन दिवसाची, हवा कोरडी. आणि संध्याकाळपासून चंद्र.