६३०६ च्या पुढचं काहीतरी

गाडीतनं घरघर यायला लागली मार्चमध्ये, आणि पहिले पंधरा दिवस ती मला ऐकूच येत नाही असं मी ठरवून टाकलं होतं. गाडीला आवाज असतोच, ३५० सीसीचं सिंगल सिलिंडर, जुन्या धाटणीची, गोल हेडलाईट, टाकीवर सोनेरी पट्टी, डुग डुग करत चालणारी. नाव मुद्दाम लिहीत नाही, नाव घेतलं की लगेच दोन पार्ट्या पडतात आणि मूळ विषय राहतो बाजूला. मग एका रविवारी तुळजापूरला चाललो होतो, मागं मित्र बसलेला, तो म्हणाला, "काय बे, गाडीत पिठाची गिरणी बसवलायस काय?" आता दुसऱ्यालाही ऐकू आल्यावर काय करणार.

डोक्याला ताप एवढ्यासाठीच की दिवाळीत इंजिन उतरवून क्रँकची, म्हणजे पिस्टनच्या जोरानं फिरणाऱ्या दांड्याची, तो ज्यांच्यावर फिरतो ती दोन्ही मेन बेअरिंगं नवीन टाकली होती. त्यानंतर जेमतेम ४,००० किलोमीटर झालेले. आधीची जोडी ३८,००० चालली होती आणि तीही काही गेली नव्हती, दुसरा गिअर सटकायचा म्हणून क्रँककेस उघडली आणि "उघडलंच आहे तर टाकून घेऊ" झालं. या "उघडलंच आहे तर"नं माझे आयुष्यात किती पैसे गेलेत त्याचा हिशोब मी बायकोला अजून दिलेला नाही.

सोलापुरात सात रस्त्याकडं चाचांचं गॅरेज आहे, तिथं गाडी नेली. चाचांनी लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक इंजिनवर टेकवलं, मूठ कानाला, आणि डोळे मिटून बसले. मग मलाही ऐकवलं, आणि खरं सांगतो, हे जे अर्धा तास शिकलो त्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांचा, आवाज वर हेडमध्ये, टिकटिक, आणि क्रँकच्या निम्म्या वेगानं. बिग एंड, म्हणजे कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो तो सांधा, गेला असेल तर ठकठक, ॲक्सिलेटर एकदम दिला किंवा सोडला की जास्त. आणि मेन बेअरिंगचा आवाज म्हणजे ठोकाच नाही, गुरगुर, आरपीएम वाढला की चढत जाणारी, आणि कानापेक्षा आधी फूटरेस्टवर पायाला कळणारी. क्लच दाबून बघितला, फरक नाही, म्हणजे गिअरबॉक्सकडं बोट दाखवायचं कारण नाही. स्क्रूड्रायव्हर डाव्या बाजूला केसवर ठेवला की कानात गुरगुर, उजव्या बाजूला जवळजवळ गप्प. हे डावं-उजवं लक्षात ठेवा, पुढं कामाला येतं.

मग ऑइल काढलं. ड्रेन बोल्टला लोहचुंबक आहे, त्यावर करडी पेस्ट थोडीफार असतेच, ती चालते. माझ्या बोल्टवर पेस्टच्या जोडीला चमकणारे बारीक पापुद्रे होते. चुंबकाला चिकटलेत म्हणजे पोलाद. ॲल्युमिनियम किंवा पितळ-ब्राँझचं चिकटत नाही, ते ऑइलमध्ये तरंगत येतं आणि फिल्टरच्या घडीत अडकतं, म्हणून फिल्टर पण कापून, कागद उलगडून, डिझेलमध्ये धुवून पांढऱ्या फडक्यावर बघितला. तिथं तसलं काही नाही. म्हणजे पिस्टन, बुश वगैरे ठीक, सोललं जातंय ते कडक पोलाद.

आता इंजिन उतरवायचं ठरलं आणि तेवढ्यात गावभरच्या लोकांची मतं यायला सुरुवात झाली. पहिलं मत अर्थातच आपलं ऊन. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ ला जातो, हवेवर थंड होणारं इंजिन, ऑइल पातळ होऊन गेलं असणार, जाड ऑइल, २०डब्ल्यू-५०, टाकायला पाहिजे होतं. दुसरं मत, तू टॉप गिअरमध्ये ४० नं चालवतोस, त्यानंच गेलं. हे दुसरं मत मला लागलं कारण खरं आहे, तो डुग डुग आवाज ऐकण्याच्या नादात इंजिनला कमी आरपीएमवर ओढायला लावतो मी, आणि प्रत्येक धक्का सरळ बेअरिंगवर. तिसरं मत वेल्डिंगचं. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या आधी मागचा कॅरिअर वेल्डिंग करून घेतला होता, आणि वेल्डिंगवाल्यानं अर्थिंगचा चिमटा इंजिनला लावला असेल तर करंट बेअरिंगमधनं जातो, गोळीच्या आणि रिंगच्या मधे ठिणग्या उडतात, खड्डे पडतात. हे थापा नाहीत, खरंच होतं. चिमटा कुठं लावला होता ते मला आठवेना, त्यामुळं दोन रात्री मी त्या वेल्डिंगवाल्याला मनात शिव्या घातल्या, बिचारा.

इंजिन उघडलं. डावं बेअरिंग हातानं फिरवलं तर वाळू भरल्यासारखं खरखर, अडकत अडकत. उजवं, जे रोलरचं आहे, ते लोण्यासारखं. कनेक्टिंगचा बिग एंड, वर-खाली प्ले (ढिलाई) शून्य, बाजूचा प्ले फिलर गेजनं मोजला, ठीक. ऑइल पंप ठीक. क्रँक लेथवाल्याकडं नेऊन सेंटरमध्ये धरून डायल लावला, क्रँक पण सरळ. चाचा म्हणाले, "झालं, डावं बेअरिंग दुसरं टाकू, हे दे फेकून." आणि इथं मी पहिल्यांदा शहाण्यासारखं वागलो, म्हटलं चाचा, फेकू नका. कारण माझ्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती, ऑइल तर तिन्ही ठिकाणी एकच फिरतंय ना? ऑइल खराब किंवा उन्हानं पातळ झालं असतं तर आधी बिग एंडनं जीव सोडला असता, तिथं ऑइल पोचवणंच सगळ्यात अवघड. कमी आरपीएमवर ओढण्याचं पण तसंच, त्याचा मार बिग एंडनं पण खाल्ला असता. मग एकटं डावंच का?

पेपरात गुंडाळून ते बेअरिंग घेऊन गेलो पूर्वभागात, मित्राच्या वडिलांकडं. अण्णांची अख्खी नोकरी यंत्रमागाच्या कारखान्यात फिटर म्हणून गेली, चादरीचे, टॉवेलचे माग आणि त्यांच्या मोटारी. घरात तेलुगू, माझ्याशी मराठी, आणि बेअरिंग हातात आलं की कुठलीच भाषा नाही. अंगठ्यानं फिरवलं, नाक मुरडलं, मग गोळ्या जागेवर धरणाऱ्या पत्र्याच्या केजचे रिवेट ग्राइंडरनं उडवले, गोळ्या सगळ्या एका बाजूला सारल्या आणि आतली रिंग टुपकन बाहेर काढली. गोळ्या चकचकीत पाहिजेत त्या फिक्कट तपकिरी झालेल्या. मग त्यांनी रिंगा उन्हात धरल्या.

"वेल्डिंग नाही," म्हणाले. उभ्या गाडीत करंट गेला असता तर गोळ्या टेकल्या होत्या तिथं जळाल्यासारखे बारीक खड्डे दिसले असते. मी म्हटलं गाडी पुण्याहून रेल्वेनं आली होती, उभ्या उभ्या हादरे बसून खळगे पडतात असं वाचलंय. तसले खळगे गोळ्यांच्या अंतरावर पडतात, ते पण नाहीत, आणि शिवाय रेल्वेत होतं ते जुनं बेअरिंग, हे नाही, एवढं पण माझ्या लक्षात आलं नव्हतं. रिंगेवरचा चालीचा पट्टा तिरका नाही, म्हणजे वाकडं बसलेलं नाही.

"हे बघ." बाहेरची रिंग केसमध्ये घट्ट, ती फिरत नाही. तिच्यावर जोर येतो तो ठरावीक बाजूनं, त्यामुळं पट्टा एका बाजूला गडद आणि बाकी ठिकाणी फिका किंवा नाहीच असा दिसायला पाहिजे. माझ्या रिंगेवर पट्टा पूर्ण गोल, सगळीकडं सारखाच खोल, आणि तीन-चार ठिकाणी कातडं सोललेलं. आतल्या रिंगेवर पण तसंच. "गोळीला श्वास घ्यायला जागाच नव्हती. सगळीकडनं आवळलेलं." मग रिंगेच्या कडेचा नंबर वाचला. "६३०६. आणि पुढं?"

पुढं काहीच नव्हतं.

"सी३ कुठंय?"

तर विषय असा आहे. ६३०६ मधल्या शेवटच्या ०६ ला पाचानं गुणलं की भोक ३० मिलिमीटर, एवढं मला माहीत होतं आणि त्यावर मी गॅरेजमध्ये भावही खाल्ला होता. पण गोळी आणि रिंगांच्या मधे जी मोकळी जागा ठेवतात ती नंबराच्या पुढं लिहितात. ३० च्या भोकाला साध्या बेअरिंगमध्ये ती ५ ते २० मायक्रॉन, सी३ मध्ये १३ ते २८. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आपला केसच ७० च्या आसपास भरतो. आता क्रँकवर बेअरिंग टाइट बसतं, त्यानं आतली रिंग फुगते. केसमध्ये बाहेरची रिंग दाबून बसते, ती आवळते. आणि चालताना आतली रिंग बाहेरच्यापेक्षा जास्त तापते, अजून फुगते. दोन्हीकडनं जागा खाल्ली जाते, साध्यात ती संपूनच जाते, मग गोळ्या आणि रिंगांच्या मधली ऑइलची फिल्म तुटते आणि धातूवर धातू. म्हणून इंजिनात सी३. मोटारींची कामं केलेल्या अण्णांना हे इतकं पाठ की त्यांना मला समजावताना हसू यायलं होतं.

मग साहजिकच प्रश्न, साधं बेअरिंग टाकलं कुणी? आणि इथं गोष्ट जरा वाईट वळण घेते. दिवाळीत बेअरिंग आणायला मीच गेलो होतो. जुन्याचा फोटो मोबाईलवर काढला, दुकानात जाऊन रुबाबात म्हटलं "६३०६ द्या", त्यानं ६३०६ दिलं. चांगल्या कंपनीचं, ओरिजिनल, बिलासकट. त्याची काही चूक नाही. चाचांनी मी आणलेलं बसवलं. तो फोटो अजून मोबाईलमध्ये आहे, मी घरी येऊन उघडला, मोठा करून बघितला. ६३०६ स्वच्छ दिसतंय, आणि त्याच्या पुढं माझा अंगठा.

नवीन आणलं ते सी३ बघून, दुकानात उजेडात धरून, दोनदा. यावेळी बसवताना केस तापवली, थुंकी टाकली की चुरचुर उडेल एवढी, आणि बेअरिंग रात्रभर आमच्या फ्रीजरमध्ये, मटारच्या पिशवीशेजारी. हातोडीला हात न लावता टपकन जाऊन बसलं. हातोडीनं ठोकतात तेव्हा मार गोळ्यांमधनं जातो आणि बेअरिंग चालायच्या आधीच त्यात खळगे पडतात, हे चाचांना माहीत होतं, फक्त दिवाळीच्या गर्दीत घाई होती असं ते आता म्हणतात. त्या बेअरिंगवर ठोकल्याच्या खुणा नव्हत्या, त्यामुळं मी वाद घातला नाही. माझा अंगठा फोटोत होता, वाद घालायला तोंड कुठलं.

आता २,६०० किलोमीटर झालेत, अक्कलकोटच्या चार चकरा आणि एक पंढरपूर धरून. टॉप गिअर ४० ला टाकायची सवय पूर्ण गेलेली नाही, निम्मी गेलीय. परवा ऑइल बदललं तेव्हा ड्रेन बोल्टचा चुंबक पेपरवर पुसला आणि तो कागद उन्हात धरून बराच वेळ तिरका करून बघत बसलो. करडा डाग होता, चमक काही दिसली नाही. चाचांनी विचारलं काय शोधलालास, म्हटलं काही नाही, आणि बोल्ट परत लावून टाकला.