आईने जपलेली अंडी

2012-13च्या दुष्काळात मोसंबी वाळली. ती मोडून आम्ही रेशीमअळ्यांसाठी तुती लावली. तेव्हापासून जालना जिल्ह्यातल्या घनसावंगीच्या आमच्या शेतातलं बोलणं रेशमाच्या कोषांचंच.

दिवाळीनंतरच्या बॅचमधले चार-दोन कोष रॅकच्या कोपऱ्यात राहून गेले. त्यातून पतंग निघाले, जोडी जमली आणि मादीने खाली अंथरलेल्या पेपरवर अंडी घातली. खसखशीएवढी, पिवळी. आईने तो तुकडा जपून ठेवला. "आता इकत आणायचं काम नाही," म्हणाली.

दोन-तीन दिवसांत अंडी जांभळट-तपकिरी झाली. दहा-अकरा दिवसांत फुटायला हवी होती, पण महिना गेला तरी तशीच. "मेली का रं?"

मेली नव्हती, झोपली होती. तो गडद रंग हीच झोपेची खूण. म्हैसूरकडच्या जुन्या जातीची अंडी झोपत नाहीत, वर्षभर पिढ्या निघतात. आपण पाळतो ती बायव्होल्टाइन, म्हणजे वर्षाला दोन पिढ्यांची जात. तिच्या जनुकांत झोपायची सोय आहे, पण झोपायचं की नाही हे मादी ठरवते, तेही ती स्वतः अंड्यात असताना. तेव्हा तिला 25 अंशांची ऊब मिळाली, तर मोठेपणी ती झोपणारी अंडी घालते. 15 अंशांत, अंधारात राहिली, तर तिची अंडी सरळ फुटतात. थंड मुलखात उबेनंतर हिवाळा येतो, झाडाला पाला राहत नाही; हा हिशेब तिथला. निरोप पोचवतं ते 24 अमिनो आम्लांचं एक संप्रेरक, मादीच्या अन्ननलिकेखालच्या मज्जागाठीतून सुटणारं. मला या सगळ्या धंद्यात याहून मोठी गोष्ट दिसलेली नाही.

आई ऐकून थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हंजे मायनं लहानपणी काढलेले दिवस लेकराच्या वाट्याला?"

"हो, तसंच."

रेशमाची अंडी तयार करणाऱ्या बीजकेंद्रात अंडी घातल्यावर साधारण विसाव्या तासाला गरम हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवतात, झोप लागूच देत नाहीत. घरी तो उद्योग नको, म्हणून मी तुकडा डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवला. त्यांना हिवाळा हवा होता, तो तिथे मिळाला. तीन महिन्यांनी, मार्चअखेर, डबी काढून माठाशेजारी गारव्याला ठेवली.

बाराव्या दिवशी पहाटे आईने हाक मारली. कागदावर मुंगीएवढ्या काळ्या अळ्या वळवळत होत्या. सगळी अंडी फुटली नव्हती, निम्मी असतील. तिने शेंड्याची कोवळी पानं बारीक चिरून वर पसरली. माठाशेजारी गारवा असला तरी फ्रिजपुढे ती ऊबच; या अळ्या त्या उबेत फुटल्यात, तेव्हा यांच्या माद्या पुन्हा झोपणारीच अंडी घालतील. डबी मी धुऊन ठेवली आहे.