कळंबोली ते इंदूर, भर मे महिन्यात: बीएस-६ गाडीचा युरिया सांभाळत

कळंबोली ते इंदूर सुमारे ६०० किलोमीटर. भिवंडी, कसारा, नाशिक, धुळे, शिरपूर, पळासनेर, सेंधवा, खलघाट, मानपूर. भरलेल्या मल्टीॲक्सल गाडीला लिटरमागे साडेतीन किलोमीटर धरले, तर डिझेल लागतं १७० लिटर. त्याच्या ५ टक्के, म्हणजे साडेआठ लिटर डीईएफ. बीएस-६ प्रदूषण नियमांच्या गाडीत धुरातले विषारी नॉक्स वायू (नायट्रोजनचे ऑक्साइड) कमी करायला सायलेन्सरमध्ये फवारलं जाणारं हे युरियाचं पाणी, ज्याला रस्त्यावर सगळे युरियाच म्हणतात. २० लिटरची एक बादली जाऊन-येऊन पुरते. तरीही गाड्या पिवळा दिवा लावून कडेला उभ्या दिसतात. बिघाड घाटात दिसतो, पण बहुतेक वेळा त्याची सुरुवात निघण्याआधीच झालेली असते.

माल भरायच्या रांगेत गाडी तासन्‌तास आयडलवर सरकते. सायलेन्सर धड थंड नसतो, धड गरम नसतो. २०० अंशांच्या आसपास युरियाचा फवारा सुरू होतो, पण त्याची पूर्ण वाफ होत नाही आणि इंजेक्टरच्या तोंडाशी पांढरा खडा धरतो. रांग हलत नसेल तर इंजिन बंदच ठेवा. निघण्याआधी टॉर्च लावून इंजेक्टरच्या जोडाभोवती पाहा. पांढरी पावडर दिसली तर गॅस्केट गळतंय किंवा खडा वाढतोय. कूलंटची पातळीही त्याच वेळी बघा, कारण बऱ्याच गाड्यांत हा इंजेक्टर कूलंटवरच थंड राहतो.

युरिया भरताना डिझेलचं नरसाळं वापरू नका. तेलाचे थोडे थेंबही पंपाच्या रबरी सीलांना पुरेसे असतात. चुकून युरियाच्या टाकीत डिझेल गेलं, तर चावी फिरवायचीच नाही. चावी दिली की पंप ते ओढून पुढे नेतो. आधी टाकी रिकामी करून डीमिनरलाइज्ड (क्षार काढलेल्या) पाण्याने धुवा. टाकी गळ्यापर्यंत भरू नका. हवेची नळी युरियाने बुजली की टाकीत ओढ तयार होते आणि पंपाचा दाब पडतो. झाकण उघडताना आत हवा खेचल्याचा फुस्स आवाज आला, तर नळी चोंदली आहे.

स्वस्तातल्या सुट्या युरियाबद्दल एकदाच सांगतो. शेतीचा युरिया आपल्याकडे २०१५पासून सगळा निंबोळी तेलाचा लेप दिलेला असतो. बोअरच्या पाण्यात तो विरघळवला की तेल फिल्टरला आणि पाण्यातला चुना सायलेन्सरमधल्या धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिस्टला धरतो. अनुदानाचं खत असं वळवणं हा गुन्हाही आहे. रिफ्रॅक्टोमीटरवर हे मिश्रण चक्क ३२.५ टक्के दाखवू शकतं, कारण ते यंत्र प्रमाण सांगतं, शुद्धता सांगत नाही. चांगल्या मालाचं प्रमाण ३१.८ ते ३३.२ टक्क्यांत हवं. बादलीचं सील शाबूत हवं, तारीख वाचता यायला हवी आणि आयएसओ २२२४१ लिहिलेलं हवं.

कसाऱ्याचा चढ खरं तर प्रणालीच्या फायद्याचा. पूर्ण लोडवर सायलेन्सर तापतो आणि नवे, मऊ खडे जळून जातात. पण धुरातला नॉक्स मोजणाऱ्या सेन्सरची तपासणीही अशाच तापमानाला होते. म्हणून रांगेत झालेलं पाप इगतपुरीत बिघाडाचा कोड होऊन वर येतं.

चांदवड ओलांडून धुळे-शिरपूरकडे उतरलात की पारा चाळिशीपार. २५ अंशांत १८ महिने टिकणारा युरिया ३५ अंशांत सहाच महिने टिकतो. केबिनमागे उन्हात ठेवलेल्या बादलीला झाकण उघडताच अमोनियाचा उग्र वास आला, तर ती टाकीत ओतू नका. एक छुपा दोषही इथेच कळतो. थंडीत टाकी गरम करायला कूलंटची एक नळी टाकीतून फिरवलेली असते. तिचा व्हॉल्व्ह उघडा अडकला तर मे महिन्यातही युरिया उकडत राहतो. टाकीतून बाहेर येणारी नळी हाताला चटका देत असेल, तर हाच संशय घ्या.

दिवा लागल्यावर घाबरून नॉक्स सेन्सर बदलू नका. भाग महाग आहे आणि अनेकदा निर्दोष असतो. पातळी १० टक्क्यांखाली गेली की साधा इशारा, साधारण अडीच टक्क्यांवर इंजिनची ओढ पाव भागाने कमी, आणि टाकी कोरडी पडून गाडी थांबली की वेग ताशी २० किलोमीटर. युरियाच्या गुणवत्तेच्या बिघाडात ओढ कमी होणं आणि वेग बांधला जाणं या पायऱ्या इंजिनच्या १० आणि २० तासांवर येतात. म्हणजे शिरपूरला दिवा लागला तर इंदूर गाठायला वेळ आहे, फक्त तो ढाब्यावर आयडलवर घालवू नका.

स्कॅनर असेल तर नंबर बघा. एसपीएन (बिघाडाचा क्रमांक) १७६१ पातळीचा, ३३६४ गुणवत्तेचा, ४३३४ दाबाचा, ४३६४ कॅटॅलिस्टच्या कार्यक्षमतेचा. दाबाचा कोड असेल तर आधी फ्यूज, मग हवेची नळी, मग पंपाचा फिल्टर, शेवटी पंप. कार्यक्षमतेचा असेल तर आधी युरियाचं प्रमाण, मग इंजेक्टर. कनेक्टर उघडून पाहाच. युरिया तांब्याच्या तारेतून आपोआप वर चढतो आणि पिनांवर पांढरं-हिरवं बसतं. कोमट डीमिनरलाइज्ड पाण्याने धुवा, पूर्ण कोरडं करून जोडा.

इंजेक्टर काढायचा तर सायलेन्सर थंड झाल्यावरच. टोक १५-२० मिनिटं कोमट पाण्यात बुडवून ठेवा, खडा विरघळतो. स्क्रू ड्रायव्हरने खरवडलं की भोक कायमचं बिघडतं. गॅस्केट नवंच घाला. योग्य युरिया भरल्यावर दिवा लगेच विझत नाही. चावी बंद-चालू करून अर्धा-पाऊण तास लोडवर चालवा, म्हणजे सेन्सर पुन्हा मोजणी करतो. पळासनेरची चढण किंवा धामनोदच्या पुढे मानपूरकडे चढणारा घाट याला उत्तम. डीपीएफची, म्हणजे काजळी अडवणाऱ्या फिल्टरची, गाडी उभी ठेवून सफाई करायची वेळ आली, तर वाळक्या गवतावर करू नका, सायलेन्सर ५००-६०० अंशांपर्यंत जातो.

इंदुरात माल उतरवताना घाईची एक सवय मोडा. चावी बंद केल्यावर पंप नळीतला युरिया टाकीत परत ओढतो, त्याला मिनिट-दोन मिनिटं लागतात. घुमणारा आवाज थांबेपर्यंत बॅटरीचा कटऑफ दाबू नका. तो आधी दाबला तर युरिया नळीत राहून वाळतो आणि परतीच्या फेरीत दाबाचा कोड घेऊनच उगवतो.