भिंतीला आलेला तुरा

भाचीचं डोहाळजेवण आमच्याकडे करायचं ठरलं, तेव्हा माझ्या डोक्यात फक्त जेवण होतं. मसालेभात, मठ्ठा, अळूवडी आणि गोडाचं काय ते नंतर बघू. बहीण नागपूरला, भाची इथे ठाण्यात, म्हणून हा मान मावशीकडे आलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन उघडला तर भाचीचे सतरा फोटो, आणि खाली एक ओळ : "मावशी, थीम बोहो ठेवू या का?"

बोहोचा संबंध बोहारणीशी असावा, असं सासूबाईंना वाटलं. फोटो पाहिल्यावर तर त्यांची खात्रीच पटली. विटके रंग, सुतळीची विणलेली तोरणं, वेताची खुर्ची, वाळकी पानं आणि मागे कुंच्यासारखं काहीतरी फिकट, फुललेलं. "जुने कपडे देऊन हल्ली हे मिळतं होय? आमच्या वेळी निदान पातेलं तरी मिळायचं," त्या म्हणाल्या. मग चष्मा पुसून सतराच्या सतरा फोटो पुन्हा पाहिले आणि विचारलं, "ह्यात हिरवं कुठंय?"

हिरवं नव्हतं. उलट पाहुण्यांनीही 'बेज' रंगात यायचं होतं. बेज म्हणजे बिस्किटी. ओटी भरायला येणाऱ्या बायकांना फोन करून "बिस्किटी नेसून या" असं सांगायचं काम मी तीन दिवस पुढे ढकललं.

आमचं एकूण अंदाजपत्रक पंधरा हजारांचं. माणसं चाळीस. सोसायटीचा हॉल अडीच हजारांत मिळणार होता, उरलेल्यात जेवण आणि सजावट. भाचीनं सुचवलेला डेकोरेटर हातात टेप घेऊनच आला. त्यानं भाचीकडे पाहिलं नाही, ती बसणार कुठे ते विचारलं नाही; थेट हॉलच्या भिंतीकडे गेला आणि भिंत मोजली. दहा बाय आठ. बोटांवर काहीतरी पुटपुटून बत्तीस हजार म्हणाला. त्या कुंच्यासारख्या गवताचं नाव पम्पास, त्याचे एकेका काडीमागे पैसे. वेताची खुर्ची भाड्याची, ती वेगळी. "मॅडम, फोटोत बॅकड्रॉपच दिसतो," असं तो मला समजावून सांगत होता, आणि मला ते पटतही होतं. म्हणूनच जास्त राग आला.

त्या संध्याकाळी सासूबाईंनी कपाटातून त्यांचा स्वतःचा फोटो काढला. १९६८ सालचा, गिरगावातल्या चाळीतला. सासूबाई नावेत बसल्या आहेत. नाव म्हणजे आरामखुर्ची, तिला दोन्ही बाजूंनी पुठ्ठा लावून टोक काढलंय. वल्हं म्हणजे उंच दोरीवर कपडे वाळत घालायची काठी, टोकाला पुठ्ठ्याचं पान. समुद्र म्हणजे चादर. ती निळी होती हे त्यांनी सांगितलं, फोटोत ती राखाडीच आहे. मागची भिंत होती तशी : एक खुंटी, खुंटीला छत्री, शेजारी कॅलेंडर. ती झाकावी असं कुणाच्या मनातही आलेलं नाही.

आणि तरी फोटो हातात घेतला की छत्री दिसत नाही. दिसते ती फुलांची वाडी. कपाळावर फुलांचा मुकुट, कानांत फुलं, दंडावर बाजूबंद, मनगटांत फुलांच्या बांगड्या, कमरेला पट्टा. भुलेश्वरच्या फूलगल्लीतून पहाटे फुलं आणून चाळीतल्या तिघींनी बसून ओवलेली. बावीस वर्षांची एक बारीकशी मुलगी, तिच्या अंगावर किती फुलं मावणार? जेवढी मावली तेवढ्यात समारंभ सजला.

मला डेकोरेटरचा टेप आठवला. सजावट तेव्हा बाईच्या अंगावर असायची, आता ती बाईच्या पाठीमागे असते. अंग केवढंसं, आणि भिंत दहा बाय आठ! आपला खर्च कुठे वाढला हे मला इतक्या स्पष्टपणे कुठल्याही हिशेबाच्या वहीनं सांगितलं नव्हतं.

थीम म्हणाल तर तीही आपल्याला परकी नाही. बागेतलं डोहाळजेवण, झोपाळ्यावरचं, नावेतलं, चांदण्यातलं, हातात धनुष्यबाण देऊन केलेलं. यातलं काय करायचं यावर चाळीत दोन तट पडायचे म्हणे. झोपाळा सोपा, कारण कुणाकडे तरी तो असायचाच. नाव अवघड. चैत्रगौरीची आरास तरी दुसरं काय होती? ट्रंकांवर ट्रंका रचून, वर साडी अंथरून पायऱ्या करायच्या. घरातलं दिसण्यासारखं जे जे असेल ते मांडायचं. कलिंगडाचं कमळ कापायचं. हळदीकुंकवाला आलेल्या बायका पन्हं पिता पिता शेजारणीच्या आराशीतली उणीदुणीही काढायच्या. बोरन्हाणाला एवढ्याशा पोराला काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घालतात; ड्रेसकोड अजून वेगळा तो कसला?

फोटोबरोबर सासूबाईंनी एक पातळ वहीही काढली. शाईनं लिहिलेली, बऱ्याच नोंदी पुसट झालेल्या. त्यात खर्च फार नाही. आहे ती मागून आणलेल्या वस्तूंची यादी : वरच्या मजल्यावरून पाट सहा. समोरून समया दोन. कोपऱ्यातल्या बिऱ्हाडाची आरामखुर्ची. पुढे 'परत दिले' म्हणून बरोबरची खूण. "पैसे नव्हतेच, मग मागून आणायचं," त्या म्हणाल्या. "पण ज्याची खुर्ची तो कार्याला येणारच. खुर्चीवर लक्ष ठेवायला." त्यामुळे आमंत्रितांची यादी आपोआप तयार व्हायची. एका नोंदीपुढे खूण नाही : 'चादर निळी १.' ती कुणाची होती ते आता सासूबाईंना आठवत नाही. त्याबद्दल मात्र त्या जरा गप्प झाल्या.

माझं डोहाळजेवण १९९७ सालचं, म्हणजे थर्मोकोलच्या ऐन भराच्या काळातलं. आमच्या घरात एक काका होते, जे ब्लेडनं थर्मोकोल इतका सफाईनं कापत की घरातलं कुठलंही कार्य त्यांच्या अक्षरांशिवाय पार पडत नसे. गणपतीचं मखर तेच, बारशाचं नाव तेच, साखरपुड्यातली दोन हृदयंही तेच. मला त्यांनी चंद्रकोर करून दिली, वर चमकी लावली. मी चंद्रकोरीमागे स्टुलावर बसले, चंद्रावर बसल्याचा भास व्हावा म्हणून पाय साडीखाली दुमडून. दीड तासात पायाला मुंग्या आल्या आणि ती चमकी पुढे मुलगा रांगायला लागेपर्यंत घरात सापडत होती. २०१८ साली राज्यात थर्मोकोलवर बंदी आली आणि २०२२च्या जुलैत देशभर सजावटीचा थर्मोकोल गेला, फुग्यांच्या प्लॅस्टिकच्या काड्याही गेल्या. बंदी योग्यच होती, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण तोपर्यंत थकलेल्या काकांनी बातमी वाचून पेपर घडी केला आणि "मग आता पुठ्ठा," एवढंच म्हणाले. पुठ्ठ्याला ब्लेड तसं चालत नाही.

असो. भाचीला मी फोटो दाखवला. तिला तो फार आवडला. "आजी, किती गोड दिसताय! वाडी घालीन मी, हिरवी साडीही नेसते," ती म्हणाली. "पण मावशी, मागे पम्पास तर हवंच." तिच्या मैत्रिणींच्या प्रत्येकीच्या मागे ते होतं. सात महिन्यांच्या गर्भारणीला डोहाळे विचारायचे आणि मग नाही म्हणायचं, हे काही बरं नव्हे.

ते गवत मी कुठेतरी पाहिलंय असं मला पहिल्यापासून वाटत होतं. रात्री दोन वाजता आठवलं. कुठे म्हणजे, सांगलीकडे वाळवा तालुक्यात, आमच्या भाऊजींच्या शेतात! नोव्हेंबर-डिसेंबरात त्या बाजूला गेलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना उसाचे फड दिसतात आणि फडावर हे असेच रुपेरी तुरे डोलत असतात. सकाळी फोन केला.

"तुरा? त्यो कशाला पायजे वैनी तुमास्नी?"

सजावटीला, म्हटलं. पलीकडे बराच वेळ शांतता. उसाला तुरा येणं ही शेतकऱ्याच्या लेखी शोभेची गोष्ट नव्हेच, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. तुरा आला की उसाची वाढ थांबते. मग तोड लांबली तर पांगशा म्हणजे बगलेतले कोंब फुटतात, आत दशी पडते म्हणजे गाभा कापसासारखा होतो, ऊस पोकळ होऊन वजन घटतं, साखरेचा उताराही घटतो. भाऊजी कारखान्याच्या ऊसतोड टोळीची वाट बघत बसलेले, आणि मी त्या तुऱ्यांचं कौतुक करत होते. शहरात या गवताला काडीमागे पैसे पडतात हे सांगितल्यावर ते म्हणाले, "मग मी ऊस कशाला लावतुया?"

तोड सुरू झाल्यावर वाढ्यांबरोबर, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांबरोबर, जनावरांपुढे जाणारे तुरे त्यांनी वेगळे काढले आणि चांगली मोठी मोळी बांधून, मुंबईला येणाऱ्या एका ओळखीच्या टेम्पोत टाकून दिली. टेम्पोवाल्यानं हौसेनं अडीचशे मागितले. मोळी लिफ्टमध्ये मावेना. वॉचमननं ती जिन्यानं पाच मजले चढवली आणि "म्हैस घेतली का ताई?" असं विचारलं.

फुलांसाठी शनिवारी पहाटेच्या लोकलनं दादर गाठलं. मार्गशीर्ष चालू होता, त्यामुळे बुधवार-गुरुवारी शेवंतीला हात लावायची सोय नव्हती. शुक्रवार उलटला की बाजार जरा खाली येतो. सगळ्यात स्वस्त फुलं पितृपक्षात मिळतात, पण त्या दिवसांत डोहाळजेवण करणारी सून आमच्या घरात अजून यायची आहे. निशिगंध घेतला, पांढरी शेवंती घेतली, मुकुटापुरते लाल गुलाब. मोगऱ्याचा भाव ऐकला आणि पुढे चालू लागले. वाडी आम्ही चौघींनी ओवली, सासूबाई मधोमध बसून दोरा तपासत. फुलांचे सगळे मिळून अकराशे झाले. वेताची खुर्ची तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या बाल्कनीत होती. त्यांनी ती दिली आणि अर्थात त्या आल्या. त्यांच्यामागे त्यांच्या नणंदाही आल्या. चाळीसची सत्तेचाळीस पानं झाली, आणि मसालेभात पुरला तो निव्वळ मठ्ठ्यामुळे.

बिस्किटी रंगाची सूचना बहुतेकींनी मनावर घेतली. एक आत्या मात्र लखलखीत राणी रंगाच्या पैठणीत आल्या आणि कुणी बोलायच्या आत पदर उलटून म्हणाल्या, "आतली बाजू बिस्किटीच आहे."

भिंत खरंच सुंदर झाली, हे मला कबूल करायला हवं. तागाचं कापड, त्यावर उसाचे तुरे पंख्यासारखे लावलेले, मध्ये पुठ्ठ्याची अक्षरं. त्यापुढे हिरव्या साडीत, पांढऱ्या वाडीत भाची. भाचीच्या मैत्रिणींनी पम्पास कुठून आणलं असं विचारलं. मी "वाळव्याहून" म्हटल्यावर त्यांना ते परदेशातलं एखादं गाव वाटलं असावं.

ओटी भरली, गाणी झाली. मग पेढा-बर्फी. झाकलेल्या दोन वाट्यांतली एक उचलायची. पेढा आला तर मुलगा, बर्फी आली तर मुलगी. १९९४च्या कायद्यानं डॉक्टरांना सांगायची बंदी आहे, वाटीला नाही. भाचीनं बर्फी उचलली, खाल्ली, आणि मग दुसरी वाटी उघडून पेढाही खाल्ला.

एवढ्यात कुणीतरी म्हटलं, उकडतंय. आणि वॉचमननं पंखे लावले.

पम्पासवर केसांचा स्प्रे मारून ठेवतात हे मला नंतर कळलं. उसाचा तुरा म्हणजे बियाण्याची म्हातारीच ती. वारा लागला की उडणं हेच तिचं काम. पहिल्या पंख्याला थोडं उडालं, तिसरा पंखा लागला तेव्हा हॉलमध्ये अक्षरशः बर्फ पडत होता. मठ्ठ्यात, जिलबीवर, आत्यांच्या राणी रंगाच्या पैठणीवर तर छान नक्षीदार. दोघीजणी शिंकू लागल्या, लहान मुलं हात वर करून नाचू लागली, आणि भाची खुर्चीत मागे रेलून इतकी हसली की मला तिच्या पोटाची काळजी वाटली. फोटोग्राफर म्हणून बोलावलेला भाचा तेवढा शहाणा निघाला. त्यानं पंखे बंद करू दिले नाहीत.

समारंभाचा सगळ्यांत चांगला फोटो त्या क्षणाचा आहे. भिंतीवर नुसत्या काड्या उरल्यात. आणि भाचीच्या मुकुटावर, माझ्या खांद्यांवर, सासूबाईंच्या पांढऱ्या केसांत, तिसऱ्या मजल्यावरच्या नणंदांच्या नाकांवर सगळीकडे तो रुपेरी कापूस.

मी तो फोटो वाळव्याला पाठवला. भाऊजींचं उत्तर रात्री उशिरा आलं, दिवसभर तोड चालू होती त्यांची.

"वैनी, तुमच्या फडात तर समद्यास्नीच तुरा आलाय की."