सुटलेला फुगा कुठे सापडतो

दोरा हातातून निसटतो, पोर भोकांड पसरतं, आईबाप दुसरा फुगा घेऊन देतात आणि विषय मिटतो. पहिल्याचं पुढे काय झालं याची चौकशी कोणी करत नाही. ती करायची, फुगा हुडकायचा आणि त्याचा फोटो काढायचा, हा शहरातला बिनखर्चाचा छंद आहे. मुंबईत तो जास्त रंगतो, कारण इथला वारा बऱ्यापैकी वेळ पाळतो.

शाळेत पाठ केलेले खारे वारे आणि मतलई वारे इथे एकदाचे कामाला येतात. हिवाळ्यात दुपारपासून वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो, उत्तररात्री आणि पहाटे उलटा. त्यामुळे जुहू चौपाटीवर संध्याकाळी सुटलेला फुगा पाण्याकडे बघून शोधण्यात अर्थ नाही. पाठ फिरवावी आणि पूर्वेकडच्या गल्ल्यांत शिरावं. इमारतींच्या पश्चिमेकडच्या खिडक्यांचे ग्रिल, केबलच्या वायरींची जाळी, माडाच्या झावळ्या ही त्याची ठरलेली मुक्कामाची ठिकाणं.

मात्र दणदणीत भरलेला फुगा मोकळ्यावर सुटला की गेलाच. अकरा इंची रबरी फुग्यात साधारण 14 लिटर हेलियम मावतो आणि तो ढोबळमानाने 14 ग्रॅम उचलतो. फुग्याचं स्वतःचं वजन 3 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे दहाएक ग्रॅम ताकद शिल्लक. एवढी ताकद असलेला फुगा झाडाबिडाला दाद देत नाही. हाती लागतो तो शिळा, अर्धवट भरलेला, नाहीतर लांबलचक रिबीन वागवणारा. सिग्नलवर विकतात ते दिव्यांच्या माळेचे पारदर्शक फुगे तर बॅटरीच्या डबीच्या ओझ्यानेच जवळपास अडकतात. सेल टिकतील तोवर ते झाडातही लुकलुकत राहतात, आणि अंधार पडायच्या आधीच्या निळ्या उजेडात त्यांचा फोटो सुरेख येतो.

फुगेवाल्याच्या सिलिंडरमध्ये हेलियमच असेल असं समजू नये. हायड्रोजन स्वस्त पडतो आणि भडकन पेटतो. सापडलेल्या फुग्याजवळ सिगारेट किंवा लायटर नको.

खरी मजा मॉलमध्ये. तिथल्या उंच छताला टेकलेला रबरी फुगा दिवसभरात खाली यायला लागतो, कारण हेलियमचे अणू रबरातून झिरपून जातात. खाली येताना तो धपकन पडत नाही. रिबिनीचं टोक फरशीला टेकलं की तेवढं वजन फरशी झेलते, फुगा हलका होतो आणि तिथेच उभा राहतो. आणखी गॅस गेला की रिबीन थोडी जास्त जमिनीवर लोळते, फुगा तेवढाच खाली. अशा अवस्थेत एसीच्या झोताबरोबर तो माणसाच्या उंचीवरून दुकानांसमोरून चालत जातो. सुरक्षारक्षकाने त्याला कोपऱ्यात नेऊन उभं करण्याआधी, जमिनीलगत बसून, लोळणाऱ्या रिबिनीसकट फोटो घ्यावा. रिबीन फ्रेमबाहेर गेली तर उरतो तो नुसता फुगा, आणि तसे फोटो वाढदिवसांचे ढिगाने असतात.

चकचकीत फॉइलच्या फुग्यातून गॅस फार हळू निसटतो, आठवडाभर तो सहज तगतो. पण फॉइल ताणत नाही, म्हणून तापमान त्याच्यावर लगेच दिसतं. गारठ्यात आतला वायू आकसतो आणि अंगावर सुरकुत्या पडतात, दुपारच्या उन्हात तोच फुगा टम्म होतो, कधी शिवणीवर फाटतो. झाडात अडकलेल्या एकाच फुग्याचा पहाटे आणि दुपारी असे दोन फोटो काढले तर दोन वेगळे फुगे वाटतील. रबरी फुग्याची तऱ्हा निराळी. उन्हात आणि हवेत त्याची झिलई काही तासांत जाते आणि पृष्ठभाग मखमलीसारखा दिसू लागतो. हा मळकट, मऊ रंग ताज्या फुग्याला नसतो, म्हणून शिळा फुगा फोटोला जास्त चांगला, असं आमचं ठाम मत.

आकाशाच्या पार्श्वभूमीवर मोबाइल फुग्याला काळा करून टाकतो. स्क्रीनवर फुग्यावर बोट ठेवावं आणि उजेड एखादा टप्पा वाढवावा. फॉइलला उलट, थोडा कमी. वारा असेल तर शटरचा वेग 1/500 सेकंद किंवा त्याहून जलद, आणि एचडीआर बंद. ते अनेक फ्रेम एकत्र जोडतं, तेवढ्यात फुगा हलतो आणि कडा दुहेरी येतात. रबरी फुगा सूर्यासमोर धरला जाईल अशी जागा निवडली की तो आतून पेटल्यासारखा दिसतो. फॉइलचा फुगा म्हणजे बहिर्गोल आरसा, त्यात फोटो काढणाराही येतो. बरंच मागे सरकून झूमच्या लेन्सने काढलं तर तो फुग्यात अगदी बारीक दिसतो. बोटांनी ताणून केलेला झूम उपयोगाचा नाही.

विजेच्या तारांजवळचा फुगा लांबूनच टिपावा. फॉइलवरचा ॲल्युमिनियमचा थर वीज वाहून नेतो आणि लोकलच्या वरच्या तारेत 25,000 व्होल्ट असतात. सेल्फी स्टिकने फुगा ओढायचा विचारही नको. हात पोचेल तो मात्र फोटोनंतर काढून कचऱ्यात टाकावा, रिबीन सोडवून. फुगा विरतो, फाटतो, प्लास्टिकची रिबीन फांदीत तशीच राहते आणि पक्ष्यांच्या पायात अडकते.

पावसाळ्यात काही मिळत नाही. हंगाम डिसेंबरपासून. नाताळ आणि एकतीस तारखेला सुटलेले फुगे पर्जन्यवृक्षांच्या दाट पानांत दडून बसतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं गळाली की एकदम दिसू लागतात. सोबत कधी फुग्याची प्लास्टिकची काडीही सापडते, 1 जुलै 2022 पासून तिच्यावर बंदी आहे. वाढदिवसाच्या आकड्यांचे फुगे उलटेपालटे लटकतात, त्यामुळे फोटोखाली तारीख, जागा आणि आकडा लिहिताना सहा की नऊ हा प्रश्न येतोच. खुशाल ‘सहा किंवा नऊ’ लिहावं.