रांगेतली जागा

१६ डिसेंबरला शाळेच्या मैदानावर खुर्च्या मांडायचं काम आम्हा मुलांकडे असे. विजय दिनाला दर वर्षी माजी सैनिक येत. खुर्च्यांवर ते फार वेळ टिकत नसत. झेंडावंदनाच्या कितीतरी आधीच उठून झेंड्याजवळ ओळीत उभे राहत.

पहिल्या वर्षी मी अगदी हिरमुसले. लढाईवर गेलेली माणसं येणार म्हटल्यावर मला वर्दी बघायची होती, आणि आले ते कोट घालून! डोक्यावर बेरे टोपी, छातीवर डाव्या बाजूला पदकांची रांग. पायदळवाल्यांची टोपी गडद हिरवी, रणगाड्यांवर काम केलेल्यांची काळी, आणि एकाच काकांची मरून रंगाची. ते छत्रीधारी, म्हणजे विमानातून पॅराशूटने उतरणाऱ्या पल्टनीतले. पुढे आम्ही मुलं लांबूनच टोपीवरून माणूस ओळखायला लागलो.

एका सुभेदारकाकांना मी विचारलंच, "वर्दी का नाही घातली?"

"वर्दी नोकरीची, पोरी. पेन्शनीत आलो, ती उतरली. ही माझी." असं म्हणून त्यांनी एक पदक वर उचललं आणि माझं बोट त्याच्यावरून फिरवलं. त्यावर बारीक अक्षरांत त्यांचा नंबर, हुद्दा, नाव. ते ‘पूर्वी स्टार’ नावाचं पदक होतं, १९७१च्या लढाईत पूर्वेच्या आघाडीवर असलेल्यांचं. पश्चिमेकडे असलेल्यांना ‘पश्चिमी स्टार’. ढाक्याला शरणागती झाली आणि पाकिस्तानचे सुमारे ९३ हजार जण कैदी झाले हे पुस्तकात वाचलं होतं. त्यातलं काहीतरी बोटाला लागलं ते त्या सकाळी.

एकदा एक तरुण बाजारातून घेतलेला ठिपक्यांचा फौजी शर्ट, खांद्यावर फीत लावून आला आणि ओळीत घुसला. सुभेदारकाकांनी त्याला बाजूला नेऊन हळू आवाजात समजावलं. सैनिक नसताना तसं भासवायला वर्दी घालणं हा गुन्हा आहे. तेव्हा दंड संहितेचं १४०वं कलम होतं, आता न्याय संहितेचं १६८वं आहे. नाटुकल्यात सैनिक झालेल्या मुलाची टोपी मात्र त्यांनी स्वतः नीट बसवून दिली. नाटकात कुणी कुणाला फसवत नसतं.

आणि एक हवालदारआजोबा होते, ते जुन्या हिरव्या वर्दीतच येत. कॉलर मानेभोवती सैल झालेली, पण इस्त्री कडक. त्यांना कधी कुणी काही म्हटलं नाही. सुभेदारकाका जाऊन त्यांचा पट्टा सारखा करत, एवढंच. मला ते अजून फार बरोबर वाटतं.

मग टेपवर लास्ट पोस्ट ही बिगुलाची धून, दोन मिनिटं स्तब्धता, मग राउज ही दुसरी धून. टोपी असलेले सॅल्यूट करत, उघड्या डोक्याचे नुसते सावधान.

त्या ओळीत एक आजी असत. पदकं पदराजवळ, पण उजव्या बाजूला. पदक घरच्या माणसाचं असलं की ते उजवीकडे लावतात. पहिल्या वर्षी आम्ही त्यांच्यासाठी पुढे खुर्ची ठेवली होती. त्यांच्या यजमानांच्या पल्टनीतले दोघे एकेक पाऊल बाजूला सरकले आणि मध्ये जागा झाली. आजी चपला काढून तिथे उभ्या राहिल्या. पुढच्या वर्षीपासून ती खुर्ची आम्ही मांडलीच नाही.